रकाना अकरा

सिव्हिलच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे,
पंचवटीतल्या दवाखान्याचं दोन मिनिटं मागे.
नाशिकरोडला घड्याळच नाही, सिस्टर मोबाइल बघतात,
आणि सिन्नरला जे आहे ते
कुठल्याशा औषध कंपनीनं दिलेलं, सव्वादहावर थांबलेलं.
पहिला महिना मी नुसती घड्याळं जुळवली.
वॉर्डबॉय म्हणायचे, घड्याळवाल्या बाई आल्या.

मी डॉक्टर नाही. मी गांगुर्डे, नोंदणी सहायक,
करार अकरा महिन्यांचा.
स्कूटीच्या डिकीत सात दवाखान्यांचे फॉर्म
आणि वर द्राक्षांची पिशवी,
कारण रेकॉर्डरूमचे बोरस्तेकाका
द्राक्षं दिसल्याशिवाय कपाट उघडत नाहीत.

पहिल्या बैठकीत दीड तास भांडण:
वेळ मोजायची कुठून?
माणूस पडला तिथून, की कुणी पाहिलं तिथून,
की एकशे आठला फोन लागला तिथून?
"आणि कुणी पाहिलंच नसेल तर?"
कोकणी डॉक्टरांनी विचारलं,
मग पंख्याचा तेवढा आवाज राहिला.
गायधनी मॅडमनी फळ्यावर लिहिलं: माहीत नाही.
म्हणाल्या, हेही उत्तर आहे. लिहायला लाजायचं नाही.

आमचे आकडे वाईट निघाले तर नाव कुणाचं जाणार,
यात पुढच्या दोन बैठका गेल्या.
शेवटी दवाखान्यांना नावांऐवजी अक्षरं.
'अ' सगळ्यांनाच हवं होतं,
म्हणून ते कुणालाच दिलं नाही.

जुन्या रजिस्टरात दोनच शब्द असायचे.
द्वारका चौकातून: आणताच मृत.
अंबडहून, तिसऱ्या पाळीतला: आणताच मृत.
तपोवनातून, पहाटे, पायात एकच बूट: आणताच मृत.
(बूट कुणी नोंदवला? त्या सिस्टरला भेटायचं राहिलंय.)
आणताच.
म्हणजे त्याआधीचं सगळं दाराबाहेरचं, आमचं नव्हे.
सात दवाखाने एकत्र आले म्हणजे काय झालं
असं सासूबाई विचारतात, तेव्हा मी सांगते:
दार दहा मिनिटं बाहेर सरकवतोय.

रकाना अकरा.
रुग्णवाहिका येण्याआधी छाती कुणी दाबली?
एकशे बारा फॉर्म.
कुणी नाही, सत्त्याण्णव वेळा.
माहीत नाही, चौदा.
आणि एकावर, गिचमिड अक्षरात:
भेळवाला. नाव विचारलं नाही.

त्याच फॉर्मचा तिसाव्या दिवसाचा फोन मीच केला.
अशा फोनला सुरुवात कशी करायची ते प्रशिक्षणात सांगतात,
तरी तोंड कोरडं पडतं.
पलीकडून पुरुषी आवाज, वैतागलेला:
"हां, बोला, मीच बोलतोय. कर्ज नको आहे."
मी खूण केली. पेन दोनदा फिरवलं.

भेळवाल्याला शोधायला तीन शनिवार गेले.
फॉर्मला त्याची गरज नव्हती.
गंगापूर रोडवर नव्हताच तो,
सातपूरला, कामगारांच्या वसाहतीजवळ सापडला.
सुकदेव महाले. कांदा चिरत होता.
"टीव्हीवर बघितलेलं, ताई. दाबत राहिलो.
मग आत काहीतरी कटकन मोडलं.
वाटलं, मीच मारला.
दुसऱ्या दिवसापासून गाडी इकडं लावतो."

मी सही केलेली आहे: रुग्णाचं काहीही
कुणालाही सांगणार नाही.
गायधनी मॅडमचं तोंड डोळ्यांसमोर आलं.
मी एवढंच म्हटलं,
"बरगडी जुळते, दादा. महिन्या-दीड महिन्यात."

सुरी थांबली.
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग कांद्याकडे,
मग बाहीनं डोळे पुसले. कांदा होताच.

भेळीचे वीस रुपये त्यानं घेतले,
शंभराचे सुट्टे मात्र नव्हते.
शेजारच्या पानटपरीवर आणायला गेला तो,
आणि मी गाडी सांभाळत उभी राहिले,
गिऱ्हाइकांना सांगत:
येतील, दोन मिनिटांत येतील.